वैद्याचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. पुष्कळ मंडळी हा अध्याय घाईने ओलांडून पुढे जातात. यात ज्ञान नाही, भक्ती नाही, कर्माचे रहस्य नाही. दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे आहेत आणि एका थोर धनुर्धराचा शोक आहे. मग येथे थांबायचे कशाला, असे त्यांना वाटते. पण आपल्या परंपरेने त्या शोकाला नुसता विषाद म्हटले नाही, ‘विषादयोग’ म्हटले. रडणे हाही योग होऊ शकतो, असे ज्यांना दिसले त्यांची दृष्टी किती खोल असेल, याचा विचार सज्जनांनी करावा.

अर्जुन कोण होता? तो नवशिका नव्हता. धनुर्विद्येतला तो त्या काळचा तज्ज्ञ. डोळा अचूक, हात अचूक, वर्षानुवर्षांचा अभ्यास. आणि त्याच अर्जुनाचे त्या दिवशी काय झाले? तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, अंगाची आग झाली, उभे राहवेना, मन गरगरू लागले आणि ज्या धनुष्याने आजवर कधी दगा दिला नाही ते हातातून गळू लागले. विद्या कुठे गेली होती का? नाही. विद्या जागच्या जागी होती. मन खचले होते. विद्या वेगळी आणि मन वेगळे, हा या अध्यायाचा पहिला धडा होय.

हा धडा आज सांगण्याचे कारण असे की, थोड्याच वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांदेखत असे हजारो अर्जुन जगभरच्या इस्पितळांत उभे होते, आणि त्यांचा विषाद ऐकायला फार थोडे लोक थांबले.

११ मार्च २०२० या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. त्यानंतरचे दिवस वाचकांना आठवत असतीलच. त्या वर्षी १ जुलैला आषाढी एकादशी होती. वाटेवर दिंडी नव्हती, टाळ-मृदंगाचा घोष नव्हता. संतांच्या पादुका मोजक्या मंडळींबरोबर एसटीने पंढरीस गेल्या. पुढच्या, म्हणजे २०२१ सालीही तसेच झाले. आपण सारे घरी बसलो, आणि तेच योग्य होते. पण आपण घरी बसलो तेव्हा कोणीतरी घराबाहेर पडत होते. नखशिखांत प्लास्टिकचा पोशाख चढवून, तासन् तास पाण्याचा घोट न घेता, लघवीलाही न जाता, चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर आपले नाव लिहून कोणीतरी रोग्याच्या उशाशी उभे राहत होते.

या मंडळींनी प्राण किती दिले? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० पासून मे २०२१ पर्यंत जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक या रोगाने गेले. देह ठेवणाऱ्यांची निदान मोजदाद तरी होते. पण जे जगले आणि आतून मोडले, त्यांचे काय?

त्यांचीही थोडीफार विचारपूस झाली. चीनमध्ये साथ ऐन भरात असताना, २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२० या सहा दिवसांत, ३४ इस्पितळांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिका यांना प्रश्न विचारण्यात आले. शेकडा ५० जणांत खिन्नतेची लक्षणे आढळली, शेकडा ४४ हून अधिक लोकांना चिंतेने घेरले होते, आणि शेकडा ३४ जणांची झोप उडाली होती. त्याच वर्षी जून-जुलैत इंग्लंडमध्ये नऊ अतिदक्षता विभागांतील ७०९ कर्मचाऱ्यांची अशीच पाहणी झाली. शेकडा ४० जणांत अशी लक्षणे दिसली की, घडलेला भयंकर प्रसंग मनातून हटत नाही, स्वप्नात येतो, जागेपणी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. रणांगणातून परतलेल्या सैनिकांना होणारी ही व्याधी. हे लोक रणात गेले नव्हते. लोकांचे प्राण वाचवायला गेले होते.

आता येथे कोणी पूर्वपक्ष करील. तो म्हणेल, “महाराज, डॉक्टर मंडळी शिकलेली, मृत्यू रोज पाहणारी. त्यांना पगार आहे, मान आहे. मग त्यांना एवढे खचायला काय झाले? आणि गीता तर सांगते की कर्म करावे, फळाची आशा धरू नये. कर्म केले, रोगी गेला, विषय संपला!”

हा पूर्वपक्ष वरवर पाहता सोपा वाटतो, पण तो टिकत नाही. या मंडळींचे दुःख नेमके कशाचे होते ते आधी पाहू.

भूलतज्ज्ञाचेच उदाहरण घ्या. त्याचे रोजचे काम काय? शस्त्रक्रियेसाठी माणसाला झोपवायचे, त्याचा श्वास सांभाळायचा, आणि काम झाले की त्याला जागे करायचे. त्याच्या हातून झोपलेला माणूस बहुतेक वेळा जागा होतो. त्याच्या विद्येचे सुखच ते. महामारीत याच तज्ज्ञांना अतिदक्षता विभागात उभे केले गेले. रोग्याच्या घशात नळी घालण्यापूर्वी तो रोगी विचारायचा, “डॉक्टर, मी उठेन ना?” आणि त्यांतले कित्येक पुन्हा उठले नाहीत. डोळ्यांचे, हाडांचे, त्वचेचे डॉक्टरही आपापले काम सोडून कोरोनाच्या वॉर्डात गेले. आपल्या विद्येत निष्णात असलेला मनुष्य एका रात्रीत नवशिका झाला. आणि त्याच्यापुढे होता मृत्यू.

दुसरे दुःख निवडीचे. ६ मार्च २०२० रोजी इटलीतील भूलतज्ज्ञ व अतिदक्षतातज्ज्ञ यांच्या संस्थेला एक मार्गदर्शक पत्रक काढावे लागले. खाटा थोड्या आणि रोगी फार अशी वेळ आली, तर अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे, याचा विचार त्यात होता. विचार करा, मंडळी! ज्याने आजवर दारी आलेल्याला ‘ये’ एवढेच म्हटले, त्याच्यावर दोघांपैकी एकाला ‘थांब’ म्हणण्याची पाळी यावी! आपल्याकडे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूसाठी नातेवाईक दारोदार हिंडत होते. रोग्याचा श्वास चालावा कसा, हे डॉक्टरला ठाऊक होते. हातात साधन नव्हते. ज्ञान असूनही हात रिकामे, यासारखी दुसरी वेदना नाही.

तिसरे दुःख निरोपाचे. नातेवाइकांना आत येता येत नसे. मुलाचा आवाज बापाच्या कानी जावा म्हणून कोणी परिचारिका, कोणी डॉक्टर हातात फोन धरून उभा राहत असे. तो निरोप त्या घराला एकदाच ऐकावा लागला. फोन धरणाऱ्याला तो रोज ऐकावा लागला, आज एका घराचा, उद्या दुसऱ्या घराचा. आणि घरी परतल्यावर आपले मूल धावत आले तर त्याला कडेवर घ्यायची चोरी. कारण अंगावर रोग आला असेल तर!

अमेरिकेत जोनाथन शे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार केले आणि १९९४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. या सैनिकांचा सर्वांत खोल घाव भीतीचा नव्हता. जे योग्य ते आपल्या हातून व्हायला हवे होते आणि झाले नाही, किंवा ज्यांनी योग्य वागायचे त्यांनीच दगा दिला, ही बोचणी त्यांना पोखरत होती. याला आता ‘नैतिक जखम’ म्हणतात. महामारीत डॉक्टर मंडळींच्या बाबतीत हाच शब्द पुन्हा वापरावा लागला. आपल्या भाषेत सांगायचे तर हा धर्माचा घाव आहे. ज्याला धर्म नाही त्याला हा घाव होत नाही. हा दुबळेपणा नव्हे; मन जिवंत असल्याची ही खूण आहे. अर्जुनही मरणाला भ्याला नव्हता. आपल्या हातून काय घडणार या विचाराने तो खचला होता.

मग गीतेचा निष्काम कर्मयोग? तो खराच आहे, आणि डॉक्टरला त्याच्यासारखे दुसरे औषध नाही. ‘सेवा माझ्या हाती होती, आयुष्याची दोरी माझ्या हाती नव्हती’ हे ज्याला मनापासून पटले त्याची रात्र थोडी हलकी होईल. पण औषध कितीही चांगले असले तरी ते केव्हा द्यावे याला शास्त्र आहे. आणि हे शास्त्र भगवंतांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवले आहे.

बघा, पहिल्या अध्यायाचे ४७ श्लोक आहेत. त्यात श्रीकृष्ण किती बोलले? रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा केला आणि ‘पार्था, जमलेल्या या कौरवांना पाहा’ अशा अर्थाचे एकच वाक्य उच्चारले. बाकी सारे ऐकले. अर्जुन बोलत गेला, चुकीची-बरोबर कारणे देत गेला, शेवटी धनुष्य टाकून रथात बसला. भगवंतांनी मध्येच तोडले नाही.

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी काय होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तेथे भगवंत अर्जुनाला आधी कडक शब्दांत टोचतात: हे तुला शोभत नाही, ऊठ. त्याने अर्जुन उठला का? नाही उठला! त्याने आपले दुःख पुन्हा सांगितले, ‘मला काही सुचत नाही, मी तुला शरण आलो आहे, मला शिकव’ असे म्हटले, ‘मी लढणार नाही’ म्हणाला आणि गप्प बसला. मग कुठे खऱ्या उपदेशाला सुरुवात झाली. तात्पर्य काय? प्रत्यक्ष भगवंतांची टोचणीसुद्धा विषादात बुडालेल्या माणसाला उठवू शकली नाही. तो उठला तो ऐकून घेतल्यावर, विचारू दिल्यावर आणि सोबत दिल्यावर. आणि उपदेश करणारा कुठे बसला होता? लांब सिंहासनावर नव्हे. त्याच रथावर, घोड्यांचे लगाम हाती धरून. ‘खंबीर हो’ असे दुरून सांगणे निराळे, आणि ‘मी येथे आहे, बोल’ असे जवळून म्हणणे निराळे.

आमच्या डॉक्टरांना असा सारथी मिळाला का? येथे एका भगिनीची हकीकत सांगतो. ती दुःखद आहे, पण सांगितली पाहिजे.

न्यूयॉर्क शहरात लॉर्ना ब्रीन नावाच्या डॉक्टर होत्या. वय ४९. मॅनहटनमधील एका इस्पितळाच्या तातडीच्या उपचार विभागाच्या त्या प्रमुख. मार्च-एप्रिल २०२० मध्ये त्या शहरावर साथीचा डोंगर कोसळला. त्या स्वतः आजारी पडल्या, जरा बऱ्या होताच पुन्हा कामावर उभ्या राहिल्या. शरीराने आणि मनाने त्या पार थकल्या. त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितले की, मनाच्या आजारावर उपचार घेतल्याचे कळले तर डॉक्टरकीचा परवाना जाईल, सहकारी आपल्याला कमी लेखतील, ही भीती त्यांना होती. २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. अशा घटनेमागे एकच कारण नसते, हे ध्यानात ठेवावे. पण जी बाई इतरांच्या हाकेला रात्रंदिवस धावली, तिला स्वतः हाक मारायची लाज वाटावी, भीती वाटावी, हा दोष तिचा म्हणता येईल का? अमेरिकेत पुढे त्यांच्या नावाने कायदा झाला. १८ मार्च २०२२ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आरोग्यसेवकांचे मन सांभाळण्यासाठी निधी द्यावा, त्यांनी न लाजता मदत घ्यावी असा प्रचार करावा, असा त्याचा आशय आहे. कायदा चांगला झाला. पण ‘मी थकलो’ हे दोन शब्द बोलता यावेत म्हणून कायदा करावा लागतो, हे कोणत्याही समाजाला भूषण नव्हे.

परदेशाचे राहू द्या. आपण काय केले? २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. आणि दोनच दिवसांनी, २४ मार्चला, दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टरांच्या संघटनेला गृहमंत्र्यांकडे लेखी तक्रार करावी लागली की, घरमालक डॉक्टरांना घर सोडायला सांगत आहेत. चेन्नईत १९ एप्रिल २०२० रोजी सायमन हर्क्युलिस हे मेंदूचे शल्यतज्ज्ञ कोरोनाने गेले. त्यांच्या दफनाला जमावाने विरोध केला, दगड आणि काठ्या चालवल्या. शेवटी मध्यरात्री त्यांच्या एका सहकारी डॉक्टरने दोघा मदतनिसांना घेऊन स्वतःच्या हातांनी माती लोटली. ज्याने मित्राच्या देहावर अशा तऱ्हेने माती लोटली, तो दुसऱ्या दिवशी कोणत्या मनाने दवाखान्यात बसला असेल, सांगा बरे! २२ एप्रिलला केंद्र सरकारने वटहुकूम काढला. आरोग्यसेवकाला गंभीर इजा करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद ठरली. टाळी वाजल्यापासून महिनाभरात ही पाळी आली.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. वैद्याला नारायणाचे रूप मानण्याची आपली जुनी रीत आहे. रीत चांगली; तिच्यात कृतज्ञता आहे. पण आपण त्या भावाचा अर्थ उलटा केला. देव म्हटले की त्याने थकू नये, चुकू नये, रडू नये, आणि फळ दिलेच पाहिजे. फळ दिले नाही की तोच देव राक्षस ठरतो आणि दगड उचलला जातो. या देव्हाऱ्यात बसलेल्या माणसाची स्थिती फार कठीण. खाली उतरून ‘मला दुखते आहे’ असे तो म्हणू शकत नाही. ज्याला आपण फार उंच बसवतो, त्याला फार एकटे पाडतो.

यावर वारकऱ्यांजवळ एक साधा तोडगा आहे, आणि तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. वारीत आपण भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो. थोरल्याने धाकट्याच्या, धाकट्याने थोरल्याच्या. यात वर कोणी नाही आणि खाली कोणी नाही. समोरच्यातला देव ओळखायचा, आणि तरी तो आपल्यासारखाच पाय थकलेला वाटसरू आहे हेही विसरायचे नाही. डॉक्टरशीही असेच वागावे. त्याला नमस्कार करा आणि ‘तुम्ही जेवलात का?’ असेही विचारा. पालखीच्या वाटेवर दरसाल कितीतरी डॉक्टर आपल्या फोड आलेल्या पायांना मलमपट्टी करतात. पुढच्या वारीत त्यांच्या तंबूत गेलात तर पट्टी बांधून झाल्यावर लगेच उठू नका. दोन शब्द त्यांचेही ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. जाहीरनाम्याने आणीबाणी संपते; मनातली संपत नाही. म्हणून ज्यांच्या घरी डॉक्टर आहे, परिचारिका आहे, त्यांनी ध्यान द्यावे. झोप उडाली आहे का, जेवणावरून मन उडाले आहे का, लहानशा गोष्टीवर राग येतो का, दारूचा आधार शोधला जातो का, माणूस अबोल झाला आहे का, ‘माझ्यामुळेच तो रोगी गेला’ असे पुन्हा पुन्हा म्हणतो का, हे पाहावे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असा शब्द कानी आला तर तो थट्टेवारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तेथे फोन करण्यात कमीपणा नाही. पाय मोडला तर हाडवैद्याकडे जातो, मन मोडले तर मनाच्या वैद्याकडे जावे.

आणि हे वाचणारे कोणी स्वतः वैद्य असतील, तर त्यांना हात जोडून एवढेच सांगणे आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून तुमची विद्या कमी झाली नाही. अर्जुनाचे धनुष्य गळाले, पुढे तेच धनुष्य त्याने पुन्हा उचलले; मधल्या वेळात त्याने एकच केले, ते म्हणजे आपली व्यथा जवळ बसलेल्याला मोकळ्या तोंडाने सांगितली. विषाद आत कोंडला तर तो माणसाला खातो; कोणाजवळ तरी बोलला तर तो योग होतो. त्या अध्यायाला ‘योग’ का म्हटले, याचे माझ्या अल्पमतीला सुचलेले उत्तर हे आहे.

उरलेल्या आपण सर्वांनी सारथ्याचे व्रत घ्यावे. आधी ऐकावे, मग विचारल्यास बोलावे, आणि रथ सोडून जाऊ नये. एवढे केले तरी साथीत आपल्यासाठी उभे राहिलेल्यांच्या ऋणातून थोडे उतराई झाल्यासारखे होईल.

रामकृष्णहरि.